पाचवी दुरुस्ती

१

कवी काकासाहेब जटवाडकर श्रावणात गेले. तेराव्याच्या दिवशी त्यांच्या शिसवी पेटीतून त्यांची शेवटची वही नाहीशी झाल्याचं कळलं, आणि दिवाळीनंतर त्या वहीतली एक ओळ आबेदाच्या कथेत सापडली.

एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग काय, चोर सापडलाच की. औरंगाबादेत बहुतेकांनी तसंच म्हटलं.

आबेदा तेव्हा चोवीस वर्षांची. नवाबपुऱ्यातल्या हबीब विणकराची थोरली मुलगी. अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. उर्दू शाळेचं पुढं काय होतंय याचा भरवसा राहिला नाही, म्हणून अब्बांनी तिला मराठी शाळेत घातलं. तिथं चौथीच्या पुस्तकात काकासाहेबांची कविता भेटली आणि पोरगी जी मराठीत रमली ती रमलीच. पुढं मुलींच्या शाळेत तिला मराठीची शिक्षिका म्हणून नोकरी लागली, तेव्हा शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली आणि शाळेतल्या काहींनी भुवया उंचावल्या. आपण कुठं चुकतो याची वाट दोन्हीकडचे लोक बघतायत, असं तिला सारखं वाटायचं.

ती कथा लिहायची, पण कोरा कागद समोर आला की तिचा हात थिजायचा. त्यावर तिनं एक तोड काढली होती. काकासाहेबांची एखादी ओळ वर लिहायची, तिच्या बोटाला धरून चार वाक्यं चालायचं, आणि पाय स्थिर झाले की ती ओळ खोडून टाकायची. तिच्या सगळ्या कथा अशाच सुरू झाल्या होत्या. कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

या वेळची ओळ मात्र तिला खोडवली नाही. 'दाण्यासंगं पहाट दळली.' गुलमंडीवरच्या छापखान्यातून निघालेल्या दिवाळी अंकात, पान एकेचाळीसवर, तिची कथा त्याच ओळीनं सुरू झाली. खाली बारीक टाइपात तिनं लिहिलं होतं, 'पहिली ओळ काकासाहेब जटवाडकरांची.'

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी तिला बोलावलं आणि टेबलावरून एक पत्र पुढं सरकवलं. पत्र काकासाहेबांचे पट्टशिष्य, कॉलेजातले प्राध्यापक बद्रीनाथ कुंटेफळकर यांचं होतं.

'आपल्या शाळेतील शिक्षिका कु. आबेदा यांनी पृष्ठ ४१ वरील कथेचा आरंभ "दाण्यासंगं पहाट भरडली" या ओळीने केला आहे. ही ओळ कै. काकासाहेबांच्या अप्रकाशित वहीतील असल्याचे त्यांच्या पत्नी सांगतात. ती वही त्यांच्या निधनानंतर चोरीस गेली आहे. ओळ तेथून आली, तर वही कोठे आहे, याचा खुलासा व्हावा.'

"सोमवारी कमिटी बसतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "तोवर वही आणून दे, नाहीतर खुलासा दे. दोन्ही नसेल तर राजीनामा आण."

२

शाळा सुटल्यावर ती घरी गेली नाही. अम्मीनं चेहरा बघताच विचारलं असतं, "क्या हुआ गे, मुँह कायको उतरा?" आणि सांगण्यासारखं तिच्याकडं काही नव्हतं.

ती छापखान्यात गेली. तिथं खिडकीशी, मोडक्या खुर्चीवर, कडूबा अंभोरे बसायचे. बत्तीस वर्षं प्रूफं तपासायचं काम. निजामाच्या काळात त्यांनी उर्दू जाहीरनामे तपासले, नंतर मराठी लग्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तकं. चूक त्यांना दिसायची नाही, टोचायची. आबेदाच्या कथेची प्रूफंही त्यांनीच वाचली होती, आणि शेजारी बसवून तिला ऱ्हस्व-दीर्घ समजावलं होतं.

"बसा बाई. पाणी प्या आधी."

तिनं पत्र पुढं केलं. कडूबांनी ते एकदा वाचलं, मग बोट फिरवत पुन्हा वाचलं.

"ओळ तुमच्याकडं कशी आली?"

"त्यांनीच दिली, काका. आषाढात मी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेले होते. त्यांनी विचारलं, लिहायला सुरुवात कशी करतेस? मी घाबरत खरं सांगितलं, तुमची ओळ उसनी घेते म्हणून. ते इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, छापलेल्या ओळी कशाला, ही ताजी घे. आणि ही ओळ म्हणून दाखवली."

"कुणी ऐकलं?"

"कुणीच नाही. काकू देवळात गेल्या होत्या."

"लिहून दिली?"

"नाही. तोंडी."

कडूबांनी पत्र परत उचललं आणि पुन्हा त्यातच डोकं घातलं. आबेदाला वाटलं, यांचाही विश्वास बसला नाही.

"तेराव्याच्या आधी त्या घरी गेला होता का तुम्ही?"

"तिसऱ्या दिवशी. बसायला. त्यांच्या खोलीत जरा वेळ एकटी होते मी. पेटी तिथंच होती."

कडूबांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि छत्री उचलली.

"या पत्रात एक चूक आहे, बाई. छपाईची नव्हं, लिहिणाऱ्याची. तुम्ही आज घाबरलेल्या आहात म्हणून तुम्हाला दिसली नाय. चला."

"कसली चूक?"

"आत्ताच सांगितली तर तुमच्या तोंडावर दिसंल. तुम्हाला लपवता येत नाय काही."

३

काकासाहेबांचं घर औरंगपुऱ्यात. भागूबाई, त्यांच्या पत्नी, ओसरीवर बसल्या होत्या. आबेदाला पाहून त्यांनी पदर सावरला आणि मान दुसरीकडं वळवली.

कडूबांनी घाई केली नाही. आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग जावयाच्या बदलीची. मग हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वाचता येत नाय. मग ओळ वहीतलीच, हे कशावरून?"

"वाचता येत नसंल, ऐकू येतं ना?" भागूबाई तटकन बोलल्या. "शेवटचे दोन महिने ते त्या लाल वहीत लिहायचे आणि तीच ओळ गुणगुणायचे. शेजारच्या पोरीनं अंक वाचून दाखवला, पहिलीच ओळ कानावर पडली, तर माझ्या काळजात चर्र झालं."

"कशी गुणगुणायचे? म्हणून दाखवा बरं."

भागूबाईंनी डोळे मिटले. पातळ, थरथरत्या आवाजात त्या म्हणाल्या, "दाण्यासंगं पहाट दळलीऽऽ..." आणि तिथंच त्यांचा आवाज फुटला.

कडूबांनी त्यांना सावरू दिलं. "बद्रीनाथ सरांना हे तुम्हीच सांगितलं?"

"व्हय. ते म्हणाले, राहू द्या आता, काकू. मीच हट्ट धरला. म्हणलं, तुम्ही पत्र लिहीत नसाल तर मी पोलिसात जाते. तेव्हा लिहिलं त्यांनी."

"वही बघायला कोण कोण येऊ शकत होतं?"

"खोलीत जायची मनकर्णा, झाडलोटीला. बद्रीनाथ यायचे, कागद लावायला. आणि ही." भागूबाईंनी पहिल्यांदा आबेदाकडं सरळ पाहिलं. "मनकर्णेनं बघितलंय हिला. पेटीवर हात ठेवून उभी होती. खरं का खोटं?"

आबेदाला ओसरी, खांब, कोपऱ्यातली घागर, सगळं लांब गेल्यासारखं झालं.

"खरंय," ती म्हणाली. "ठेवला होता हात."

४

"कशाला ठेवला?" मागच्या अंगणाकडं जाताना कडूबांनी विचारलं.

"त्यांचं शेवटचं दर्शन मला मिळालं नव्हतं. पेटी दिसली. दुसरं काय करावं कळलं नाही."

कडूबांनी मागच्या दाराची कडी काढली.

मनकर्णाबाई अंगणात भांडी घासत होत्या. लासूर स्टेशनच्या बाजूच्या, पन्नाशीच्या. नवरा गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, त्या या घरात कामाला होत्या. शहरात पिठाच्या गिरण्या झाल्या तरी काकासाहेबांना जात्यावरच्या पिठाचीच भाकरी लागायची, म्हणून खोलीमागच्या पडवीत त्यांचं जातं अजून चालू होतं.

"मला काय इचारता? मला कवितेतलं काय कळतंय?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "ही पोरगी पेटीपाशी होती, ते मी सांगितलं. पेटी उघडताना नाय बघितली. तेबी सांगितलं होतं. पण ते कुणी ऐकलं नाय."

"बरं, एवढं तरी ऐका." कडूबांनी खिशातून पत्र काढलं आणि त्यातली ओळ मोठ्यानं वाचली. "दाण्यासंगं पहाट भरडली."

मनकर्णाबाईंचा हात थांबला.

"भरडली नव्हं, दळली," त्या फटकन म्हणाल्या. "पहाट काय डाळ हाय का भरडायला?"

आणि लगेच त्यांनी राखेच्या हातानंच तोंड झाकलं.

आबेदाला आत्ता पत्रातली चूक दिसली. ती तोंड उघडणार, तोच कडूबांनी तिला नजरेनं गप्प केलं आणि ते मनकर्णाबाईंसमोर जमिनीवर बसले.

"ही ओळ तुम्हाला ठावी आहे, बाई."

मग मनकर्णाबाईंनी नळ बंद केला.

"माझीच हाय ती," त्या म्हणाल्या. "दळताना म्हणायची मी. भिंतीपल्याड मालक ऐकायचे. एक दिस म्हणले, मनकर्णे, ही कुणी शिकवली? म्हणलं, शिकवतंय कोण, येती तोंडाला. तवापासून इचारून इचारून घ्यायचे. लई वर्सं झाली. ही एकच नाय..." त्यांचा आवाज खाली आला. "कुणाला सांगू नका, तुमच्या पाया पडते. माझी लेक लासूरला दिलीय. विधवा बाई पहाटे मालकाला गाणी म्हणून दाखवायची, असं गावात झालं तर जावई तिला दारात उभं करायचा नाय."

आबेदाला हसावं की रडावं कळेना. तिच्या बाजूनं बोलणारं शहरात एकच माणूस होतं, आणि त्या माणसानं तोंड उघडलं तर त्याचंच घर मोडणार होतं. सोमवारची कमिटी तिच्या डोळ्यांपुढं आली. 'ओळ मनकर्णाबाईंची आहे,' एवढं म्हटलं की ती सुटत होती. निदान तिला तसं वाटत होतं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

कडूबांनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग आता दुसऱ्या वाटेनं जावं लागंल. उद्या दुपारी चारला खडकेश्वरपाशी या. बद्रीनाथ सरांचं घर तिथं आहे. आणि तिथं काही झालं तरी तुम्ही बोलायचं नाय."

५

बद्रीनाथ सर चाळिशीचे, सडसडीत, बोलायला मृदू. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. आबेदाकडं मात्र त्यांनी बघायचं टाळलं. भिंतीवर काकासाहेबांची तसबीर होती आणि खाली टेबलावर सरांच्या प्रबंधाची जाडजूड टंकलिखित प्रत. काकासाहेबांच्या कवितेतल्या प्रतिमांचं स्वतंत्रपण, हा विषय. नऊ वर्षांचं काम.

"सर, ती वही तुम्ही कधी वाचली होती?" कडूबांनी सहज विचारलं.

"छे. उघडलेलीसुद्धा पाहिली नाही."

"त्यातलं काही काकासाहेबांनी म्हणून दाखवलं असंल."

"अपुरी कविता ते कुणालाच ऐकवत नसत. मलाही नाही. ही ओळ मी प्रथम वाचली ती त्या अंकातच."

"असं का," म्हणून कडूबांनी मान डोलावली आणि पिशवीतून एक लांबट कागद काढला. "बाईंनी माफीचा मजकूर द्यायचं कबूल केलंय. पुढच्या अंकात छापायचा. प्रूफ आणलंय. मी तर आता म्हातारा झालो, नजर हुकते. काकासाहेबांचं नाव आहे म्हणून म्हटलं, तुम्ही एकदा तपासा."

माफीचा मजकूर! आबेदा खुर्चीतून उठणारच होती. तिनं हातातली पिशवी घट्ट आवळली आणि तशीच बसून राहिली. यांनी आपल्याला विकलं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

बद्रीनाथ सरांचा चेहरा सैल पडला. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. 'निधन'मधला 'नि' दीर्घ झाला होता, तो सुधारला. एक अनुस्वार वाढवला. 'जटवाडकर'मधला गळलेला 'ड' बसवला. एक पूर्णविराम दिला. शांतपणे, भरभर, आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसासारखी पेन्सिल चालत गेली. शेवटी त्यांनी कागद परत दिला.

कडूबांनी तो उजेडात धरला आणि मोजलं.

"सर, चार चुका मी मुद्दाम ठेवल्या होत्या. तुम्ही पाच दुरुस्त केल्या."

"म्हणजे?"

"पाचवी चूक नव्हतीच." त्यांनी अंक उघडून पान एकेचाळीस समोर ठेवलं, शेजारी ते पत्र, शेजारी प्रूफ. "अंकात छापलंय 'दळली'. प्रूफात मी लावलं 'दळली'. भागूबाई वहिनी ऐकत आल्या ते 'दळली'. फक्त तुमच्या पत्रात आहे 'भरडली', आणि आत्ता तुम्ही 'दळली' खोडून समासात 'भरडली' लिहिलंत. एकदा झालं असतं तर म्हणलो असतो, हात चुकला. दोनदा, दोन्ही वेळी तोच शब्द, म्हणजे तो तुमच्या डोक्यात बसलाय. ही ओळ तुम्ही अंकाच्या आधी वाचलीय आणि पुष्कळदा वाचलीय. पण तसं तर काकासाहेब कधी गुणगुणले नाहीत. मग 'भरडली' असंल कुठं? त्यांनी लिहिताना शब्द बदलला असंल तरच, आणि तो फक्त वहीत."

चहा घेऊन आलेल्या सरांच्या पत्नी दारातच थांबल्या आणि आत फिरल्या.

"आणि वही या बाईंनी वाचली असती," कडूबा हलकेच म्हणाले, "तर त्यांच्या कथेतसुद्धा 'भरडली' आलं असतं."

बद्रीनाथ सर उठले. आबेदाला वाटलं, आता हे आपल्याला घराबाहेर काढणार. ते आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल कापडी बांधणीची वही होती.

६

"फाडून टाकायची होती," ते म्हणाले. "तीन महिने रोज ठरवत होतो. झालं नाही."

वहीत चाळीस कविता होत्या. प्रत्येकीखाली काकासाहेबांच्या तिरप्या अक्षरात एक टीप होती. 'पहिल्या दोन ओळी मनकर्णेच्या.' 'ध्रुवपद मनकर्णेचं.' 'भाव माझा, शब्द तिचे.' मागच्या पानांवर जुन्या छापील कवितांची यादी होती, तीही तशीच. चौथीच्या पुस्तकातली कविता त्यात होती. जिच्या बोटाला धरून आबेदा मराठीत आली, तिची पहिली ओळ जात्यावर झाली होती.

"नऊ वर्षं मी लिहीत आलो की या प्रतिमा कुणाकडून घेतलेल्या नाहीत," बद्रीनाथ सर म्हणाले. "वही बाहेर आली असती तर लोक त्यांना चोर म्हणाले असते."

"म्हणून तुम्ही मला म्हणू दिलं?" आबेदा म्हणाली. कडूबांनी बोलायचं नाही सांगितलं होतं, पण ते तिच्या लक्षातही राहिलं नाही.

सरांनी वहीचं एक पान उघडून तिच्यापुढं केलं. तारीख आषाढातली होती.

'आज शाळेतली एक मुलगी आली, आबेदा. लिहायला माझ्या ओळी उसन्या घेते म्हणाली. तिला काय सांगू, मीही तेच करतो! मनकर्णेची ओळ दिली तिला. मूळची दिली. मी केलेला बदल मला अजून खात्रीचा वाटत नाही.'

म्हणजे हे पान त्यांनी वाचलं होतं, आणि वाचूनही ते पत्र लिहिलं होतं. आबेदाला राग यायला हवा होता. तिला फक्त खूप दमल्यासारखं वाटलं. ती तिथंच खुर्चीत रडली. सर तसबिरीकडं पाठ करून उभे राहिले.

सोमवारी कमिटीपुढं सरांनी स्वतः येऊन सांगितलं की वही त्यांच्याकडं होती, आरोप खोटा होता, आणि काकासाहेबांनी ती ओळ आबेदाला दिल्याची त्यांच्याच हातची नोंद आहे. त्यांनी ते एकच पान दाखवलं, तेही 'मनकर्णा' या शब्दावर अंगठा ठेवून. मोठ्या बाई "चला, मिटलं म्हणायचं," एवढंच बोलल्या. कुणी माफी मागितली नाही. आबेदा तासावर गेली.

खरा पेच पुढंच होता. वही भागूबाईंची, त्यांच्यापासून ती लपवता येणार नव्हती; वाचून दाखवायला आबेदालाच बसावं लागलं. त्यांनी चाळीसच्या चाळीस टिपा ऐकल्या. मध्येच म्हणाल्या, "मला बोलले नाहीत कधी." आणखी पुढं म्हणाल्या, "एका छताखाली वीस वर्षं दळत होती, आणि मी झोपलेली." शेवटी त्यांनी वही मांडीवर घेतली आणि सांगितलं की ही छापायची, आहे तशी छापायची. आपल्या माणसाला लपवायचं नव्हतं म्हणून तर त्यानं लिहून ठेवलं. पण ते मनकर्णेनं हो म्हटल्यावरच.

मनकर्णाबाई नाही म्हणाल्या. तीनदा विचारलं, तीनदा नाही. मग त्या लेकीकडं लासूरला निघून गेल्या.

आबेदा वहीची नक्कल करत राहिली. शाळेनंतर रोज छापखान्यात, कडूबांच्या शेजारी. टिपांच्या जागा ती कोऱ्या सोडत होती. त्या कोऱ्या जागा बघून तिचा जीव घाबरा व्हायचा. नावाशिवाय पुस्तक निघालं तर या चोरीत आपलाही हात ठरणार, असं तिला वाटायचं.

पौष लागला असेल. एका सकाळी छापखान्याच्या पायरीवर मनकर्णाबाई उभ्या दिसल्या. हातात पिशवी, पायावर रस्त्याची धूळ. गाडीनं उतरून थेट आल्या होत्या.

"माझं नाव छापल्यावर कसं दिसंल, ते बघायचंय मला," त्या म्हणाल्या.

कडूबा उठले. टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्याला न सांगता त्यांनी स्वतःच खणांतले शिशाचे खिळे वेचले, पट्टीत लावले आणि मनकर्णाबाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी ते शिसं उजेडाकडं धरून निरखलं.

"हे माझं नाव नव्हं. रेशन कार्डावरचं मी वळखते."

"हे उलटं असतं, बाई. कागदावर सुलट उमटतं."

कडूबांनी शाई लावून कागदावर दाब दिला. मनकर्णाबाईंनी ओली अक्षरं बोटानं दाखवत, ओठ हलवत, एकेक ओळखली.

"जावई काय म्हणाला?" आबेदानं न राहवून विचारलं.

"म्हणला, लोक काय म्हणतील. लेक म्हणली, माय, मला तुझी चार गाणी पाठ हायेत, मग ती कुणाची म्हणून सांगू?" मनकर्णाबाईंनी कागद कडूबांकडं परत दिला. शाईचं बोट पदराला पुसता पुसता त्या थांबल्या, आणि तसंच राहू दिलं.

"छापा. पण निस्तं मनकर्णाबाई नको. फुडं फकिरा साळवे लावा आन् खाली लासूर स्टेशन घाला. मनकर्णाबाई तिथं चार हायेत."